शिशावरचं तांबं

रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये सहा काडतुसं बसलेली असतात. त्यातलं एक उडतं, गोळी पुढे जाते आणि सगळं हत्यार मागे उसळतं. त्या उसळीत उरलेल्या पाचांचं काय होतं, याचा विचार कारखान्याची काडतुसं वापरणाऱ्याला करावा लागत नाही. सिलिंडर मागे येताना पुंगळ्यांना, म्हणजे काडतुसांच्या पितळी खोळींना, काठाला धरून सोबत ओढतो, पण पुंगळीच्या तोंडात बसवलेली जड गोळी जडत्वाने आहे तिथेच राहू पाहते. म्हणजे पुंगळीच्या मानाने ती केसभर पुढे सरकते. पुढच्या बाराला आणखी केसभर. पकड ढिली असेल तर चौथ्या-पाचव्या बारापर्यंत एखादी गोळी सिलिंडरच्या तोंडातून बाहेर डोकावते आणि सिलिंडर फिरायचाच थांबतो. पिस्तुलात नेमकं उलटं होतं, तिथे गोळी पुंगळीत आत ढकलली जाण्याची भीती असते. बाहेर ओढलं जाणं हे रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचं दुखणं.

म्हणून उडालेल्या पुंगळ्यांत पुन्हा दारू आणि गोळी घालून रिव्हॉल्व्हरची काडतुसं स्वतः भरणाऱ्याला पहिल्यापासून एकच गोष्ट शिकवतात, की गोळी घट्ट धर. पुंगळीचं तोंड गोळीवर आत वळवून दाबून टाक. आणि मी ज्या गोळ्या वापरते त्यांचं म्हणणं असं, की आम्हाला दाबू नका. त्या मऊ शिशाच्या असतात, वर तांब्याचा पातळ मुलामा. जरा जास्त दाब पडला की पुंगळीची कड तो मुलामा कापते. या दोन मागण्यांच्या मधे माझ्या कितीतरी संध्याकाळी गेल्या आहेत आणि त्यातली एकही मला वाया गेली असं वाटत नाही.

मी पेनसिल्व्हेनियात राहते. ग्रीन कार्ड येईपर्यंत हा विषय माझ्यासाठी बंदच होता. कामाच्या व्हिसावर आलेल्या माणसाला इथला केंद्रीय कायदा सहसा बंदूक बाळगू देत नाही. पण एकदा बाळगता येऊ लागली, की स्वतःपुरती काडतुसं भरायला वेगळा परवाना लागत नाही. विकायची म्हटली तर लागतो. भारतात तसं नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. शिवाय आपल्याकडे नेमबाजीत जी नावं घराघरांत पोहोचली, म्हणजे २०१०मध्ये म्युनिकला जगज्जेती झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत, २०२४मध्ये पॅरिसला कांस्य जिंकणारा कोल्हापूर जिल्ह्यातलाच स्वप्नील कुसाळे, त्यांच्या ५० मीटर रायफलमध्ये .२२चं काडतूस असतं. त्यात पेट घेणारा मसाला पुंगळीच्या काठातच भरलेला असतो, काठ एकदा चेपला की ती पुंगळी संपली. पुन्हा भरता येते ती मधोमध वेगळा प्रायमर, म्हणजे त्या मसाल्याची बदलता येणारी टोपी, बसवलेली पुंगळी. माझं काडतूस त्या जातीचं, .३८ स्पेशल.

गोळ्यांचे ढोबळ तीन प्रकार. नुसत्या शिशाची, ओतलेली किंवा दाबून घडवलेली, अंगावर वंगण लावलेली. दुसरी कवचाची. तिच्यात तांबं-जस्ताच्या मिश्रधातूची वाटी ओढून शिशाभोवती बसवतात. ते कवच कणखर असतं, वेग सोसतं आणि महागही असतं. तिसरी मुलाम्याची. शिशाचा गाभा साच्यात दाबून घ्यायचा, स्वच्छ धुवायचा, तांब्याच्या द्रावणात सोडून वीज चालवायची. तांबं हळूहळू सगळीकडून चढतं, अगदी बुडावरसुद्धा. मग गोळी पुन्हा एकदा साच्यात ठोकून मापाला आणतात, कारण वीज काही मोजून-मापून तांबं चढवत नाही. मुलाम्याची जाडी इंचाचे काही हजारांश. आणि हे तांबं जवळजवळ शुद्ध असतं, म्हणजे कवचाच्या मिश्रधातूपेक्षा मऊ. युटामधली बेरीज किंवा वॉशिंग्टन राज्यातली रेनियर, अशा कंपन्यांनी या गोळ्या सामान्य नेमबाजाच्या आवाक्यात आणल्या.

गोळीला अंगरखा चढवण्याचा खटाटोप अमेरिकेतल्या हौशी लोकांनी स्वतःही खूप केला आहे. दुसऱ्या महायुद्धात गोळ्यांचा तुटवडा होता, तेव्हा फ्रेड हंटिंग्टन या कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलच्या माणसाने .२२च्या फेकून दिलेल्या रिकाम्या पुंगळ्याच कवच म्हणून वापरायची हत्यारं बनवायला घेतली. 'रॉक चक बुलेट स्वेज' या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याची कंपनी आरसीबीएस म्हणून ओळखली जाऊ लागली, १९४३ साली. काडतुसं भरायचा माझा हिरवा प्रेस त्याच कंपनीचा आहे. रॉक चक हा इथल्या डोंगरात राहणारा खारीच्या कुळातला एक गुबगुबीत प्राणी. त्याच्या शिकारीसाठी केलेली सोय माझ्या तळघरापर्यंत आली, याचं मला अजून नवल वाटतं.

मी मुलाम्याकडे वळले ते शिशामुळे. इथला हिवाळा लांब असतो आणि चार-पाच महिने नेमबाजीच्या बंदिस्त रेंजवरच जावं लागतं. नुसत्या शिशाची गोळी उडाली की वंगणाचा धूर होतो आणि त्यात बारीक शिसंही मिसळलेलं असतं. बुडाशी उघडं शिसं असलेली कवचाची गोळीसुद्धा यात निर्दोष नाही, कारण मागचा तप्त वायू नेमका तिथेच लागतो. घरात लहान मूल आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१मध्ये मुलांच्या रक्तातल्या शिशाची इशारापातळी दर डेसिलिटरला ५वरून ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली. सुरक्षित म्हणावी अशी पातळी तर माहीतच नाही. लहानपणी दारात कल्हईवाला यायचा आणि पितळी पातेल्यांना कथलाचा हात फिरवायचा, अन्नाला पितळ लागू नये म्हणून. गोळीवरचं तांबं मला त्याच नात्याचं वाटतं. आतला धातू माणसापर्यंत पोहोचू नये, एवढंच त्याचं काम.

अर्थात तांबं चढवलं म्हणजे प्रश्न मिटला असं नाही. नेहमीच्या प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतंच. त्याची काजळी रिकाम्या पुंगळीत राहते, आणि पुंगळ्या कोरड्या भुशात घुसळून साफ केल्या की ती धुळीत उतरते. म्हणून मी त्या पाण्यात घुसळते, स्टीलच्या बारीक पिना घालून. ते पाणी सिंकमध्ये ओतत नाही. टेबलावर चहा येत नाही, खाणं येत नाही. रेंजवरून आल्यावर कपडे वेगळे जातात. हे सगळं अति वाटणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण शिकायला येणाऱ्याला मात्र सगळ्यात आधी हेच सांगते, प्रेसला हात लावण्याआधी.

.३८ स्पेशल हे स्मिथ अँड वेसनचं १८९८ सालचं काडतूस. ते काळ्या दारूसाठी आखलं होतं आणि काळी दारू जागा फार खाते. थोड्याच काळात त्यात बिनधुराची दारू आली. ती कितीतरी कमी पुरते, पण पुंगळी होती तेवढीच लांब राहिली. आज मी दारू घालते तेव्हा ती तळाशी पसरते आणि वर मोकळी पोकळी उरते. सव्वाशे वर्षांपूर्वीची ही रिकामी जागाच या काडतुसाचा सगळ्यात मोठा धोका आहे. चुकून दुप्पट दारू पडली तरी पुंगळी भरून सांडत नाही, वरून काही कळतही नाही. .३८ स्पेशलची कमाल दाबाची मर्यादा १७,००० पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला तेवढे पौंड, आहे. जलद जळणाऱ्या दारूचा दुप्पट भार तिला कुठल्या कुठे मागे टाकतो आणि सिलिंडर फुटतो. म्हणून दारू घातल्यावर सगळ्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करायच्या आणि बॅटरीच्या उजेडात एकेकीच्या तळाशी बघायचं. भाराचे आकडे मी इथे लिहीत नाही. ते छापील पुस्तकातूनच घ्यावेत, तेही ज्या दारूचा डबा समोर आहे त्याच दारूचे, खालच्या आकड्यापासून सुरुवात करून.

हा ठोकळा बघून माझ्या बाबांचा चेहरा उजळला होता. बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून तपासनीस म्हणून निवृत्त झाले. १८६९ सालचा कारखाना; आमच्या घरातली घड्याळं त्याच्या भोंग्यावर लावलेली असायची. बाबा घरी कामाचं बोलायचे नाहीत. तशी परवानगीही नव्हती आणि त्यांचा स्वभावही नव्हता. त्यामुळे ते उन्हाळ्यात इथे आले तेव्हा तळघर दाखवताना मला जरा धाकधूक होती. लेकीने अमेरिकेत जाऊन हे आरंभलंय, हे त्यांना आवडेल का?

त्यांनी आधी टेबल पाहिलं. मग विचारलं, "दारूचा डबा एकच?"

"एका वेळी एकच, बाबा. बाकीचे कपाटात असतात, कुलपात. आणि प्रायमर दुसऱ्या कपाटात."

"आणि लॉट नंबर?"

मी वही पुढे केली. तारीख, गोळीचं वजन, दारू, प्रायमर, काडतुसाची एकूण लांबी, सगळं लिहिलेलं होतं. लॉट नंबरचा रकाना नव्हता. बाबांनी पट्टी मागून घेतली आणि पुढच्या सगळ्या पानांवर तो आखून दिला. दारूचा लॉट, प्रायमरचा लॉट, गोळ्यांचा लॉट. "एखादं काडतूस बिघडलं तर त्याची भावंडं कुठे आहेत हे कळायला नको का?" ते म्हणाले. मग ते रोज संध्याकाळी खाली यायला लागले. खुर्ची ओढून बसत, भिंग घेऊन पुंगळ्यांची तोंडं बघत. पितळ पुन्हापुन्हा पसरवून आवळलं की कडक होतं आणि तोंडाशी केसासारखी चीर पडते. ती माझ्या डोळ्यांआधी त्यांना दिसायची. गोळीचं वजनही त्यांनी स्वतःच्या मापात बसवून घेतलं. इथे सगळं ग्रेनमध्ये मोजतात, एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. आपला तोळा इंग्रजांनी १८० ग्रेनचा ठरवला होता. म्हणजे माझी १५८ ग्रेनची गोळी तोळ्याला थोडी कमी, आणि दारू गुंजांत मोजावी इतकी. सोनाराचा काटा लागतो, असं ते म्हणाले, आणि ते अक्षरशः खरं आहे.

पकडीचा प्रश्नही मला बाबांशी बोलतानाच नीट मांडता आला. मी सांगितलं, की तोंड वळवून दाबलं तर मुलामा कापला जातो, आणि नाही दाबलं तर गोळी सरकते. बाबा म्हणाले, "तोंडानेच का धरायचं? पुंगळी पूर्ण अंगाने धरत नाही का?"

धरते. खरी पकड तिचीच असते. उडालेली पुंगळी फुगलेली असते. प्रेसमध्ये बसवलेल्या पहिल्या डायमध्ये, म्हणजे साच्यात, ती आवळली जाते, गोळीच्या व्यासापेक्षा किंचित बारीक होते. पूर्वी त्यासाठी प्रत्येक पुंगळीला तेल लावावं लागे, आता टंगस्टन कार्बाइडची कडी असलेली डाय असते, त्यामुळे ते गेलं. दुसरी डाय पुंगळीचं तोंड आतून रुंद करते. इथेच मुलाम्याच्या गोळीची पहिली परीक्षा. तोंड पुरेसं पसरलं नाही तर गोळी आत जाताना पुंगळीची धार तिचं तांबं सोलून काढते, बारीक चकचकीत कात निघते. म्हणून नुसत्या कडेला जरा जास्त पसरवायचं, पण खाली, जिथे गोळी बसणार, तिथे पितळ आवळलेलंच राहू द्यायचं. गोळी आत जाते तेव्हा तिच्या बुडाशी पुंगळी बाहेरून किंचित फुगलेली दिसली पाहिजे, बोटाला लागली पाहिजे. ती दिसली म्हणजे भिंतीने गोळी धरली.

मग तोंडाचं काम फार थोडं उरतं. कवचाच्या गोळीवर खाच असते, तिच्यात कड वळवून बसवता येते. मुलाम्याच्या बहुतेक गोळ्यांना खाच नसते. तिथे मी कड आत वळवणारी डाय न वापरता निमुळती आवळणारी वापरते. तिने पसरवलेलं तोंड पुन्हा सरळ करायचं आणि त्याहून अगदी थोडं आत. किती थोडं, हे पुस्तकात वाचून हाताला कळत नाही. एक काडतूस भरायचं, हातोडीसारख्या दिसणाऱ्या साधनात अडकवायचं, ठोकून गोळी बाहेर काढायची आणि तिच्या अंगावर बघायचं. फिकट वळ चालतो. वळाच्या जागी राखाडी रेघ दिसली की तांबं तुटलं. अशी गोळी नळीतल्या आट्यांवर चढताना सोलली जाते, वाकडी उडते आणि कागदावर गोल छिद्राऐवजी लांबट छिद्र पाडते.

पकड पुरेशी आहे का, याची कसोटी रेंजवर होते. शेवटच्या काडतुसाची लांबी कॅलिपरने मोजून लिहायची. आधीचे पाच बार काढायचे. मग ते काडतूस बाहेर काढून पुन्हा मोजायचं. लांबी तीच असेल तर भार मंजूर. हलक्या वजनाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये झटका जोराचा बसतो, म्हणून एका हत्यारात पास झालेलं काडतूस दुसऱ्यात पास झालं असं धरायचं नाही, तिथे पुन्हा मोजायचं. बाबांना ही परीक्षा इतकी आवडली, की कानावर संरक्षक लावून ते स्वतः कॅलिपर घेऊन माझ्या मागे उभे राहिले.

मुलाम्याच्या गोळीला वेगाचं छप्पर आहे. बेरीज आपल्या बहुतेक साध्या गोळ्यांसाठी सेकंदाला १,२५० फूट ही मर्यादा सांगते. .३८ स्पेशल त्याच्या बरंच खाली, आठशेच्या आसपास चालतं, म्हणून ही जोडी जमते. १९३५मध्ये बाजारात आलेल्या .३५७ मॅग्नमचं तसं नाही. त्याची पुंगळी मुद्दामच इंचाच्या आठव्या हिश्श्याएवढी लांब केली, जुन्या .३८च्या सिलिंडरमध्ये चुकून बसू नये म्हणून, कारण दाबाची मर्यादा दुपटीहून जास्त, ३५,००० पीएसआय. त्या जोरात पातळ तांबं टिकेल याची खात्री नाही. मी .३५७च्या पुंगळीत मुलाम्याची गोळी भरते तेव्हा वेग संयमाचा ठेवते. पूर्ण जोराचं काडतूस हवं असेल तर सरळ कवचाची गोळी घेते. पैसे वाचवायला मुलाम्याकडून मॅग्नमचं काम करून घेणं मला पटत नाही.

छपरासारखी जमीनही आहे, आणि ती विसरणारे जास्त. कमी दारू म्हणजे जास्त सुरक्षित असं वाटतं. पण तांबं वंगण लावलेल्या शिशापेक्षा नळीत जास्त घासतं, आणि रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि नळी यांच्यात फट असते, थोडा वायू तिथून निसटतो. भार फार कमी असेल तर गोळी नळीतच अडकते. आवाज बाराचा येत नाही, फुस्स असा येतो. तो ऐकल्यावर थांबायचं, हत्यार रिकामं करायचं, नळीतून सळई घालून बघायचं. अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी झाडली तर नळी फुगते किंवा फाटते. शेजारच्या लेनमध्ये तो आवाज ऐकू आला तरी मी ओरडते. ओळख असो वा नसो.

पुण्याहून फोन आला की मावशी विचारते, "अगं, पण तुला बंदूक हवीच कशाला?" प्रश्न रास्त आहे. या देशात २०२१ साली ४८,०००हून जास्त माणसं बंदुकीने मेली आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. मी हे आकडे माहीत असताना बंदूक ठेवते. म्हणून माझ्या घरात हत्यार आणि काडतुसं वेगवेगळ्या तिजोऱ्यांत असतात, आणि घरात कुणाचं मन फार काळ उदास राहिलं तर हत्यार घराबाहेर ठेवायचं हे आम्ही आधीच ठरवून ठेवलं आहे. मी कागदावर नेम धरते. मला त्या एका क्षणाची शिस्त आवडते, आणि त्याहून जास्त त्याच्या आधीचं हे सगळं काम आवडतं. मावशीला हे पूर्ण पटत नाही. तिने पटवून घ्यावं असा माझा आग्रहही नाही.

बाबा परत गेले, पण वहीतले रकाने भरले जातात का याची चौकशी दर रविवारी होते. सध्या आमच्यात एक प्रश्न चालू आहे. मुलाम्याच्या गोळ्या दोन मापांत मिळतात, .३५७ आणि .३५८ इंच. कवचाच्या गोळीचं माप पहिलं, शिशाच्या गोळीचं दुसरं. मुलाम्याची दोन्हीकडे बसू शकते. हजारांश इंचाने जाड गोळी पुंगळीच्या भिंतीला जास्त घट्ट बसेल, म्हणजे तोंड आणखी कमी आवळून चालेल, असं माझं म्हणणं. बाबांचं म्हणणं, आधी सिलिंडरच्या सहाही घरांची तोंडं मोज, ती .३५८ला मोकळी आहेत का बघ, मग बोल. तोंडं मोजायच्या पिना मागवल्या आहेत. त्या आल्या की दोन्ही मापांची काडतुसं एकाच दारूच्या लॉटमधून भरणार आहे, आणि कागदांचे फोटो खडकीला पाठवणार आहे.